मोटारीच्या इंजिनांतील अनोळखी आवाज व त्यांचा शोध

मोटारगाडी ही आमच्या जुन्नर तालुक्यांत आतां नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. कुकडी नदीच्या कांठचें बोरी बुद्रुक हें गांव घेतलें तरी तेथें सकाळच्या प्रहरीं कानीं पडतो तो मोटेचा किंवा जात्याचा आवाज नव्हे, तर ट्रॅक्टरचा, मोटारसायकलचा आणि नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटो नेणाऱ्या पिक-अप गाडीचा. घरांतील लहान मूलसुद्धां आपली गाडी वाडीच्या तोंडाशीं आली कीं आवाजावरून ती ओळखतें. अशा ओळखीच्या आवाजांत एके दिवशीं एकादा अनोळखी ठोका मिसळतो, आणि मग तर्कांना ऊत येतो. कोणी म्हणतो, 'टॅपेट वाजतोय'. कोणी म्हणतो, 'बेअरिंग गेलें'. शेजारचा एकादा जाणता गृहस्थ 'इंजिन खोलावेंच लागणार' असें भविष्य सांगून मोकळा होतो. इंजिन खोलणें हें किती खर्चाचें काम आहे हें ज्यांच्या घरीं गाडी आहे त्या पालकांस सांगावयास नको. उलट, ज्या ठोक्याकडे 'चालेल तितकें चालूं द्या' म्हणून दुर्लक्ष केलें तो खरोखरच बेअरिंगचा निघाला, तर ऐन हंगामांत गाडी, माल आणि पैसा तिन्ही रस्त्यावर पडतात. म्हणून आवाजाचा उगम नेमका कसा शोधावा याचा विचार येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

उगम शोधण्याच्या कामाशीं बोरीचें नांव अगोदरच जोडलेलें आहे, ही गोष्ट आमच्या बालवाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक नसेल. येथील नदीकांठच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा एक थर सांपडतो, व त्याच्या सान्निध्यांत अश्मयुगीन मानवाचीं दगडी हत्यारें मिळालीं आहेत. दख्खनच्या काळ्या पाषाणाशीं या राखेचा संबंध नाहीं. ती हजारों मैलांवरून, सुमात्रा बेटांतील टोबा नामक ज्वालामुखींतून वाऱ्याबरोबर आली, असें तिच्यांतील कांचेच्या सूक्ष्म कणांचें रासायनिक घटक जुळवून शास्त्रज्ञांनीं ठरविलें. परंतु टोबाचा स्फोट कांहीं एकच झालेला नाहीं. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वींच्या महास्फोटाची ही राख, कीं त्याहून पुष्कळच जुन्या एकाद्या स्फोटाची, यावर विद्वानांत वर्षानुवर्षें वाद झाला. कारण वेगवेगळ्या पद्धतींनीं वेगवेगळें वय निघालें. राखेकडे नुसतें पाहून कोणीहि निकाल देऊं शकला नसता. आवाजाचेंहि तसेंच आहे. तो कसा वाटतो यापेक्षां त्यांत मोजतां येण्याजोगें काय आहे, हें पाहावें लागतें.

मोजण्याची ही कला शिकण्यास मोटारीची गरज नाहीं, सायकल पुरे. समजा, सायकल चालवितांना 'कट्' असा आवाज वारंवार येतो. तो पेडलच्या प्रत्येक फेऱ्यास एकदां येतो, कीं चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास? पुढच्या चक्राला ४४ व मागच्याला १८ दांते असल्यास पेडल एकदां फिरलें कीं चाक सुमारें २.४ वेळां फिरतें. तेव्हां पाय एक फेरा करीत असतां आवाज एकदांच आला तर दोष पेडलांत किंवा त्याच्या आंसांत. दोन-अडीच वेळां आला तर चाकांत. पाय थांबवून सायकल तशीच घरंगळूं दिली आणि आवाज चालूच राहिला, तर पेडल व साखळी निर्दोष ठरलीं. एकाहि बोल्टास हात न लावतां निम्म्या सायकलीवरचा संशय दूर झाला! हाच न्याय मोटारीस लावावयाचा आहे. फरक इतकाच कीं तेथें फिरणारे भाग अधिक व वेग फार मोठा.

निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थानें १८७६ सालीं चार टप्प्यांचें इंजिन यशस्वी करून दाखविलें, व आजच्या बहुतेक मोटारी त्याच तत्त्वावर चालतात. हवा आंत घेणें, ती दाबणें, पेट घेऊन पिस्टन खालीं रेटणें व धूर बाहेर टाकणें असे हे चार टप्पे. त्यांना क्रँक-शाफ्टचे दोन पूर्ण फेरे लागतात. म्हणजे क्रँक दोनदां फिरतो तेव्हां प्रत्येक सिलिंडरांत पेट एकदांच होतो, व प्रत्येक झडप (मिस्त्री तिला व्हाल्व्ह म्हणतात) एकदांच उघडते. झडपा उघडणारा कॅम-शाफ्ट म्हणूनच क्रँकच्या निम्म्या वेगानें फिरविलेला असतो. ही 'निम्म्या'ची गोष्ट ज्यानें मनांत पक्की धरली त्याच्या हातीं शोधाची किल्ली आली म्हणावयास हरकत नाहीं. झडपेजवळचा टॅपेट सैल झाला तर त्याची टिकटिक क्रँकच्या निम्म्या वेगानें ऐकूं येते. एका सिलिंडरचा धूर सांध्यांतून फुटत असेल, तर त्याची फसफसहि निम्म्याच वेगानें. परंतु कनेक्टिंग रॉडचें बेअरिंग झिजलें असेल तर ठोका बहुधा क्रँकच्या पूर्ण वेगानें, फेऱ्याफेऱ्यागणिक पडतो. पाण्याच्या पंपाचें किंवा अल्टरनेटरचें बेअरिंग बिघडलें तर ठोका नसतोच. अखंड घरघर असते, व गति वाढली कीं ती चढत्या सुरांत जाते.

हें मोजणें नवशिक्याला जमेल काय, अशी शंका येईल. मोटारीचें इंजिन उभ्या गाडींत मिनिटास सुमारें ८०० फेरे करतें. म्हणजे पूर्ण वेगाचे ठोके सेकंदास तेरा आणि निम्म्या वेगाचे सहा-सात. तेरा ठोके कोणासहि मोजतां यावयाचे नाहींत, पण 'हे वेगळे वेगळे ऐकूं येतात' आणि 'हे एकमेकांत मिसळून जातात' एवढा भेद कानास सरावानें कळतो. सराव करण्यास विहिरीवरचें जुन्या पद्धतीचें एका सिलिंडरचें ऑईल इंजिन फार सोयीचें. विजेच्या पंपांमुळें तीं आतां थोडींच उरलीं आहेत, पण जेथें असेल तेथें मुलांनीं त्याच्याजवळ पांच मिनिटें उभें राहावें. तें मिनिटास ६५० फेरे करीत असेल तर त्याचे धमाके ३२५ भरतात, म्हणजे सेकंदास पांचांहून किंचित् अधिक. मोबाईल फोनांत आवाज टिपून तो मंद गतीनें ऐकण्याचीहि सोय आतां घरोघर आहे. फोनचा हा उपयोग आमच्या मतें त्याच्या पुष्कळ इतर उपयोगांहून चांगला.

आतां आवाजाची जागा. येथें कान हमखास फसतो. आवाज कोणत्या दिशेनें आला हें आपणांस कळतें तें दोन कानांमुळें. एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानास किंचित् उशिरां पोहोंचतो. हा उशीर फार झाला तर सेकंदाचा सहा-सात दहाहजारांश भाग असतो, आणि तेवढ्यावरून मेंदु दिशा ठरवितो. परंतु बॉनेटखालीं पत्र्यांवर आपटून आवाज चहूंकडून येतो. शिवाय हवेंत सेकंदास सुमारें ३४० मीटर जाणारा आवाज लोखंडांत त्याच्या कित्येक पट वेगानें, सुमारें ५,००० मीटर जातो. एका टोंकास पडलेला ठोका साऱ्या इंजिनभर जणूं एकाच क्षणीं उमटतो. त्यांतून आणखी एक फसवणूक आहे ती अनुनादाची. गांवांत पिठाची गिरणी सुरू झाली कीं शेजारच्या घरांतील फळीवरचें एकादें पातेलें झणझणूं लागतें. गिरणीचा वेग बदलला कीं तें गप्प होतें व दुसरेंच भांडें वाजूं लागतें. प्रत्येक वस्तूचा स्वतःचा एक कंपनवेग असतो व तो जुळला कीं ती थरथरते. सायलेन्सरवरचा उष्णतेचा पत्रा सैल झाला म्हणजे नेमक्या याच कारणानें इंजिनाच्या एकाच ठराविक गतीला भयंकर खडखड करतो व गति थोडी वाढवितांच थांबतो. गाडींतील सर्वांत मोठा आवाज सर्वांत मोठ्या दोषाचा असतो ही समजूत अगदीं खोटी आहे. हा पत्रा साऱ्या गल्लीला ऐकूं जातो आणि एका बोल्टानें बरा होतो. इंजिनाचा जीव घेणारा ठोका प्रारंभीं इतका हलका असतो कीं गाडींतलें गाणें बंद केल्यावांचून तो ऐकूंहि येत नाहीं.

येथवर तत्त्व झालें. आतां बोरीहून निघणारी एक पिक-अप गाडी कल्पनेनें डोळ्यांपुढें उभी करूं. गाडी डिझेलची, आठ-दहा वर्षें राबलेली. पहाटे सुरू केली कीं टकटक येते. चढाला लागली कीं टकटक वाढते. नारायणगांव येईपर्यंत ती जवळजवळ नाहींशी होते. घरांत दोन मतें पडलीं आहेत, व दोन्ही मतें इंजिन खोलण्याच्या बाजूचीं आहेत.

पहिला प्रश्न असा कीं आवाज इंजिनाचाच आहे काय? गाडी उभी करून, गिअर न टाकतां, हळूहळू गति वाढवावी. उभ्या गाडींत आवाज आला, तर चाकें, त्यांचीं बेअरिंगें व ब्रेक यांवरील संशय गेला. चाकाचें बेअरिंग गेलें तर घूं घूं येते ती गाडीच्या वेगाबरोबर वाढते. इंजिनाची गति कमी केली तरी ती कमी होत नाहीं. उभ्या गाडींतच क्लच दाबून पाहावा. दाबतांच आवाज सुरू झाला किंवा थांबला तर क्लचच्या बेअरिंगाकडे किंवा गिअरबॉक्सकडे वळावें. ही परीक्षा करण्याकरितां कोणी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडूं नये, हें येथें निक्षून सांगितलें पाहिजे. माळशेज घाटासारख्या उतारावर इंजिन बंद झालें म्हणजे ब्रेकला व स्टिअरिंगला मिळणारी मदत जाते व गाडी आवरेनाशी होते. असो. आमच्या गाडीची टकटक उभ्यानेंहि येते आणि क्लच दाबून बदलत नाहीं. तेव्हां ती इंजिनाचीच.

दुसरा प्रश्न थंड-गरमाचा. धातु तापला कीं फुगतो व तेल तापलें कीं पातळ होतें. या दोन साध्या गोष्टी दोषांची फार चांगली चाळण करतात. पिस्टन व सिलिंडर यांमधील जागा झिजून वाढली असली तर थंडपणीं पिस्टन भिंतीवर आपटतो, पोकळसा आवाज होतो, आणि पिस्टन तापून फुगला कीं तो मिटतो. सांध्यांतून धूर फुटत असला तर तोहि सांधा तापून घट्ट बसला कीं बंद होतो. याउलट बेअरिंगचा ठोका इंजिन तापल्यावर, तेल पातळ झाल्यावर, अधिक स्पष्ट होतो. थंडपणीं जाड तेलानें तो झांकलेला असतो. आमच्या गाडीची टकटक तापल्यावर जाते. एवढ्यावरून बेअरिंगचा संशय पुष्कळच कमी झाला. टॅपेटची टिकटिक बहुधा गाडी तापली तरी राहते, व चढावर जोर पडला म्हणून विशेष वाढत नाहीं. उरले दोघे : पिस्टन आणि फुटणारा धूर. एक मोठ्या खर्चाचा, दुसरा अल्प खर्चाचा. दोघांचें वागणें जवळजवळ सारखें. येथें आंधळेपणानें खर्चाचाच मार्ग धरणारे पुष्कळ आहेत.

दोघांतील भेद काढावयास मिस्त्रीचें जुनें साधन उपयोगीं पडतें. पॅरिसचे डॉक्टर लाएनेक यांनीं १८१६ सालीं एका रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकण्यासाठीं कागदाची सुरळी करून तिचें एक टोंक छातीस व दुसरें कानास लावलें. तीच स्टेथॉस्कोपची सुरुवात. गॅरेजांतील मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक इंजिनाच्या अंगास टेंकवून त्याची मूठ कानामागील हाडास लावतो, तेव्हां तो लाएनेकचाच शिष्य असतो. आवाज धातूच्या दांड्यांतून सरळ येतो व हवेंतून येणारा गोंधळ मागें पडतो. वर झडपांच्या झांकणावर, मध्यें सिलिंडरच्या अंगावर, खालीं तेलाच्या टांकीवर असें एकेक ठिकाण ऐकत गेलें म्हणजे जवळ व लांब यांतील भेद कळतो. फुटणारी हवा किंवा धूर मात्र दांडीनें सांपडत नाहीं. त्याला हात-दीड हात रबरी नळी घ्यावी, एक टोंक कानाशीं धरावें व दुसरें सांध्यांभोंवतीं फिरवावें. फुसफुस नेमक्या त्या जागीं नळींत शिरते. आमच्या गाडींत ती धुराच्या नळकांड्याच्या तिसऱ्या सिलिंडरपाशीं सांपडली, असें समजूं. आणि बॅटरीच्या उजेडांत पाहतां त्याच सांध्यावर काजळीचा काळा ओघळहि दिसला. कानाच्या साक्षीस डोळ्याची साक्ष मिळाली. आतां खर्च एका गॅस्केटचा, एकदोन नव्या स्टडांचा व मजुरीचा.

मात्र हा प्रयोग चालू इंजिनावर करावयाचा असल्यानें तो मुलांनीं एकट्यानें करूं नये. पंख्याचा पट्टा उपरणें, ओढणी किंवा वेणी एका क्षणांत ओढून घेतो. विजेवर चालणारा पंखा तर इंजिन बंद असतांनाहि आपोआप सुरू होतो. बंद खोलींत वा शेडमध्यें इंजिन चालवून ऐकत बसणें तर सर्वथा वर्ज्य. धुरांतील कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नाहीं, रंग नाहीं, व तो माणसाचा प्राण घेतो.

दांडी व नळी यांनींहि निकाल लागला नाहीं तर एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी. पट्टा किंचाळत असेल तर त्याच्या आंतल्या बाजूवर थोडें पाणी शिंपडून पाहतात : किंचाळणें क्षणभर थांबून परत आलें तर पट्टा जेथून फिरतो तीं चक्रें एका रेषेंत नाहींत, आणि उलट वाढलें तर पट्टा ढिला. घरघर अल्टरनेटरची कीं पंपाची हें कळत नसेल तर मिस्त्री इंजिन बंद करून पट्टा काढतात व अवघे कांहीं सेकंद इंजिन चालवून ऐकतात. पट्ट्यावरच पाण्याचा पंप असेल तर त्याहून अधिक वेळ चालवितां येत नाहीं. कोणता सिलिंडर ठोकतो हें पाहण्यासाठीं जुन्या डिझेल इंजिनांत एकेका सिलिंडरच्या डिझेल-नळीची चकती किंचित् सैल करून तो सिलिंडर तेवढ्यापुरता मुका करीत. ठोका थांबला तो सिलिंडर दोषी. परंतु आतांच्या कॉमन-रेल गाड्यांत नळींतील दाब हवेच्या दाबाच्या हजारांहून अधिक पट असतो, व त्यांतून उडालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून शरीरांत शिरते. बापाच्या ट्रॅक्टरवर चाललेली युक्ति मुलाच्या नव्या गाडीवर करूं नये. त्या गाडींत हेंच काम यंत्राला संगणक जोडून निर्धोकपणें होतें.

आवाज शोधणें आणि आवाज बंद करणें हीं दोन वेगळीं कामें आहेत, व त्यांची गल्लत झाली तर काय घडतें याचें उदाहरण मोटारीच्या इतिहासांत आहे. पेट्रोलच्या इंजिनावर चढावर जोर पडला कीं पूर्वीं त्यांतून खडे उडाल्यासारखी किणकिण येई. ठिणगीनें लागलेली ज्योत सर्वत्र पसरण्याआधींच उरलेलें मिश्रण आपोआप भडका घेतें, तिचा तो आवाज. अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारीला १९१२ सालीं केटरिंग यांची बॅटरीवरची नवी ठिणगी-योजना बसविण्यांत आली, तेव्हां या आवाजाचें खापर तिच्यावर फुटलें. केटरिंग व त्यांचे सहकारी मिजली यांनीं प्रयोगांनीं दाखविलें कीं दोष ठिणगीचा नसून इंधनाचा आहे. शोध उत्तम होता. परंतु त्यावर १९२१ सालीं मिजली यांनीं जो उपाय काढला तो पेट्रोलमध्यें शिशाचें एक संयुग मिसळण्याचा. किणकिण थांबली, आणि तें विषारी शिसें धुराबरोबर साऱ्या जगाच्या रस्त्यांवर, विशेषतः लहान मुलांच्या रक्तांत, उतरत राहिलें. भारतांत शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० सालीं बंद झाली. जगांत शेवटीं अल्जीरियानें तें २०२१ सालीं बंद केलें. शंभर वर्षांनीं! गॅरेजांच्या जगांत याच जातीची पण लहान लबाडी आजहि चालते. जुनी गाडी विकावयाची असली कीं तींत नेहमींपेक्षां जाड तेल भरतात, म्हणजे झिजलेल्या बेअरिंगचा ठोका गिऱ्हाइकासमोर दबून राहतो. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यानें ती आधींच तापवून ठेवलेली आहे काय हें पाहावें, आणि शक्य तर सकाळीं थंड इंजिन स्वतः सुरू करून, मग घाटाचा चढ चढून, पुन्हां उभें राहून ऐकावें.

आजच्या पेट्रोल मोटारींत या किणकिणीवर ऐकणारा एक कृत्रिम कानच बसविलेला असतो. स्फटिकाचा एक लहानसा तुकडा इंजिनाच्या अंगास घट्ट आवळलेला असतो. सेकंदास सुमारें ६,००० ते ७,००० कंपनांचा तो विशिष्ट आवाज आला कीं त्यांतून विजेचा संकेत निघतो व संगणक ठिणगी किंचित् उशिरां पाडतो. मोटारींच्या आवाजांचें शास्त्रशुद्ध मापन करणाऱ्या प्रयोगशाळा आपल्या पुण्यांतहि आहेत; १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही त्यांपैकीं एक. तेथील यंत्रें जें करतात तें मुळांत क्रँकचा एक फेरा व ठोक्यांची संख्या यांचें गुणोत्तर काढणेंच होय. सायकलवर आपण केलें तें.

इंजिनाचा आणखी एक आवाज असा आहे कीं तो कानाला मुळींच ऐकूं येत नाहीं, आणि त्याची गोष्ट बोरीपासून जवळच असलेल्या खोडदला आहे. तेथें राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रानें उभारलेली महाकाय दुर्बीण आहे : प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, इंग्रजी वाय अक्षराच्या आकारांत सुमारें २५ किलोमीटरांच्या प्रदेशांत पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ही उभी राहिली, व या डोंगराळ मुलुखांत मनुष्यनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी आहे हें ही जागा निवडण्याचें एक कारण होतें. पेट्रोल इंजिनांतील प्रत्येक ठिणगी ही एक लहानशी रेडिओ-लहर असते. जुन्या मोटारींत रेडिओ लावला कीं गति वाढवितांच त्यांतली कडकड वाढे, ती याच ठिणगीची. तोच सूर किणकिणता, अखंड व चढता असेल तर तो अल्टरनेटरचा. अमेरिकेंतील ग्रीन बँक येथील रेडिओ-दुर्बिणीजवळ याच कारणास्तव डिझेलच्या गाड्या वापरतात, कारण डिझेल ठिणगीवांचून पेट घेतें. आकाशगंगेहून आलेली क्षीण कुजबुज आणि रस्त्यावरच्या स्कूटरचा गोंगाट यांतील भेद ज्योतिर्विद ओळखतात, तो पुष्कळ अंशीं लयीवरूनच. ठिणगी इंजिनाच्या फेऱ्याशीं बांधलेली असते. तारे पृथ्वीच्या फेऱ्याबरोबर उगवतात व मावळतात.

परंतु हंगामाच्या दिवसांत खोडदच्या तबकड्यांकडे पाहावयास शेतकऱ्यास फुरसत कोठली? त्याचा प्रश्न निराळा असतो : गाडींत माल भरलेला आहे, वाटेंत ठोका सुरू झाला; जावें कीं थांबावें? याचें आमचें उत्तर स्पष्ट आहे. ठोका खोल व कठीण असेल, इंजिन तापलेलें असेल, किंवा तेलाचा तांबडा दिवा लागला असेल, तर गाडी तेथेंच बाजूला घ्यावी व इंजिन बंद करावें. तेल बेअरिंगांत पोहोंचत नाहीं असा तो अर्थ. मग एक-दोन मैलांतहि बेअरिंग जळून क्रँक चिकटतो, आणि कनेक्टिंग रॉड तुटला तर तो इंजिनाच्या भिंतीस भगदाड पाडतो. माल दुसऱ्या गाडींत चढवावा. भाडें जाईल, इंजिन राहील. तेलाची कांडी पाहून तेल कमी असल्यास तें भरल्यावरहि ठोका राहिला तर गाडी ओढूनच न्यावी. उलट नुसती टिकटिक, फसफस किंवा पट्ट्याचें किंचाळणें असेल, दिवा लागलेला नसेल व इंजिन नेहमींपेक्षां अधिक तापलेलें नसेल, तर बाजार गांठण्यास बहुधा प्रत्यवाय नसतो. परत आल्यावर मात्र काम पुढें ढकलूं नये. किंचाळणाऱ्या पट्ट्यावरच पाण्याचा पंप असेल तर तो तुटल्यावर इंजिन कांहीं मिनिटांतच उकळतें.

मिस्त्रीकडे जातांना 'गाडी आवाज करते' एवढेंच सांगणें म्हणजे डॉक्टरास 'दुखतें' एवढेंच सांगण्यासारखें आहे. आपल्या भाषेंत आवाजांना शब्दांची वाण नाहीं. टिकटिक, टकटक, ठकठक, खडखड, करकर, घरघर, फसफस, सूं सूं यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या भागाकडे बोट दाखवितो. टिकटिक आणि ठकठक यांत केवळ एका अक्षराच्या जोराचा भेद दिसतो. पण पहिली वरच्या झडपेची असते व दुसरी खालच्या क्रँकची, आणि दोहोंच्या खर्चांत जमीन-अस्मानाचें अंतर. घरांतील ज्या मुलाचा कान तिखट असेल त्यानें एका कागदावर लिहून द्यावें : आवाज थंडपणीं येतो कीं तापल्यावर, उभ्यानें कीं धांवतांना, चढाला कीं पाय काढल्यावर, क्लच दाबून बदलतो कीं नाहीं, कोणत्या दिवसापासून, आणि त्याच सुमारास गाडीला दुसरें कांहीं काम केलें होतें काय. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात, आणि पुष्कळ वेळां उत्तर त्यांतच असतें; कालच गाडी धुऊन आणली असेल तर आजचें किंचाळणें ओल्या पट्ट्याचें असण्याचा संभव अधिक.

आमच्या त्या काल्पनिक पिक-अपला नवें गॅस्केट बसलें कीं सांध्यावरची काजळी चिंधीनें स्वच्छ पुसून घ्यावी व आठ-दहा दिवसांनीं पहाटे, इंजिन सुरू करण्यापूर्वीं, त्या जागेवर पुन्हां एकवार बॅटरीचा उजेड पाडावा. जागा कोरी असली तर ठीक. पुन्हां काळा ओघळ दिसला तर नळकांड्याचा पृष्ठभागच वांकला आहे असें समजून तो घासून सपाट करून घ्यावा लागेल, आणि तें काम लेथवाल्याचें.